फिट, पेट स्कॅन आणि मेंदूतली साखर : वाचकांचे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारहून येणाऱ्या पत्रांत एमआरआय आणि पेट स्कॅनची गल्लत सतत दिसते. एमआरआय मेंदूची रचना दाखवतो, पेट स्कॅन मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो ते दाखवतो.

पेट स्कॅनमध्ये शॉक देतात का? (यावल)
नाही.

तपासणीच्या सकाळी केळं खाल्लं तर चालेल? (रावेर)
नाही. साधारण सहा तास उपाशी राहायचं, साधं पाणी चालतं. मधुमेह असेल तर आधीच सांगा. फिटची गोळी मात्र परस्पर बंद करू नका, ती कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा.

मुलाला पाच वर्षांपासून फिट येतात. दोन औषधं झाली, एमआरआय नॉर्मल. पेटच्या रिपोर्टात ‘डाव्या टेम्पोरल (कानशिलाजवळच्या) भागात चयापचय कमी’ असं आहे. नातेवाईक म्हणतात, तो भाग मेला. (अमळनेर)
मेलेला नाही. नातेवाइकांकडून रिपोर्ट वाचून घेऊ नका.

वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के असलेला मेंदू सुमारे २० टक्के ऊर्जा खातो. पेटमध्ये फ्लोरिन-१८ हा किरणोत्सर्गी अणू जोडलेली साखर शिरेतून देतात आणि अर्धा-पाऊण तास शांत पडून राहायला सांगतात. फिट चालू असताना ती जिथून सुरू होते तिथल्या पेशी एकदम पेटतात, साखर ओढतात आणि तो भाग चित्रात उजळ दिसतो. फिट नसताना तोच भाग बहुतेक वेळा आजूबाजूपेक्षा मंद असतो. तुमच्या मुलाच्या रिपोर्टात बहुधा हेच दिसतंय. मंद भाग फिटच्या खऱ्या उगमापेक्षा मोठाही दिसतो, म्हणून एकट्या पेटवरून शस्त्रक्रिया ठरत नाही.

आता माझी खरी काळजी. त्या अर्ध्या-पाऊण तासात बारीकशी फिट येऊन गेली आणि कुणाच्या लक्षात आली नाही, तर चित्र उलटं होतं. रोगट बाजू उजळते आणि निरोगी बाजू तुलनेत मंद वाटते. म्हणून त्या वेळी ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) लावलेला होता का आणि शेवटची फिट कधी आली होती, हे विचाराच. ऐन फिटमधलं चित्र हवं असेल तर स्पेक्ट नावाचा वेगळा स्कॅन असतो. त्यात व्हिडिओ ईईजीवर नजर ठेवून, फिट सुरू होताच काही सेकंदांत इंजेक्शन देतात. फोटो नंतर काढला तरी त्या क्षणीचा रक्तप्रवाह त्यात दिसतो.

आणि पाच वर्षं का थांबलात? योग्य निवडलेली दोन औषधं पुऱ्या मात्रेत घेऊनही फिट थांबत नसतील, तर रुग्णाला अपस्मार केंद्रात, म्हणजे फिटवर खास उपचार करणाऱ्या केंद्रात, न्यायलाच हवं. सगळ्या फाइली, फिटचा मोबाइलवरचा व्हिडिओ घ्या आणि याच महिन्यात मुंबई गाठा.

पहिलीच फिट आली. ‘फुल बॉडी पेट’ सवलतीत मिळतंय, करून घेऊ? (भुसावळ)
नको. सवलत हे तपासणीचं कारण नव्हे, आणि किरणोत्सर्ग फुकट अंगावर घ्यायचा नसतो. आधी मेंदूविकारतज्ज्ञ, ईईजी, एमआरआय. आपल्याकडे फिटमागे मेंदूतली जंताची गाठ वारंवार निघते आणि ती एमआरआयमध्ये दिसते.

फिट आल्यावर चप्पल हुंगवावी का? (शहादा)
नाही. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा.