डिस्नेच्या आवारातली खोली की किसिमीतलं भाड्याचं घर?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका ताईंचं पत्र आलं आहे. मजकूर थोडक्यात असा: सांगलीहून सासू-सासरे आलेत, मे महिन्यात परत जातील. त्याआधी मुलांच्या स्प्रिंग ब्रेकमध्ये सहाही जणांनी ऑरलँडोला जायचं ठरलंय. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात. मुक्काम सहा रात्री, त्यातले चार दिवस डिस्ने वर्ल्डचे. मिस्टरांचं म्हणणं, सगळे मिळून एकदाच जातोय तर डिस्नेच्याच हॉटेलात उतरू. त्यांनी पॉप सेंच्युरीत शेजारशेजारच्या दोन खोल्या बघून ठेवल्यात. ताईंचा जीव ऑरलँडोशेजारच्या किसिमीतल्या तीन बेडरूमच्या भाड्याच्या घरात अडकलाय. सहलीसाठी बाजूला काढलेले ८,५०० डॉलर आहेत. हॉटेल घेतलं तर दोनेक हजार कमी पडतात. ते क्रेडिट कार्डावर टाकावेत, की मुलांच्या ५२९ खात्यात (शिक्षणासाठीच्या बचतीचं खातं) दरमहा जाणारी रक्कम काही महिने थांबवावी?

ताई, उत्तर आधी सांगून टाकते. घर घ्या, आणि मिस्टरांची हौस म्हणून एक रात्र हॉटेलची ठेवा. ५२९ ला हात लावायची वेळ येणार नाही, कार्डालाही नाही.

आता हिशोब. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनच करते. पॉप सेंच्युरीची खोली रात्रीला २९० डॉलर. एका खोलीत चारच माणसं चालतात, म्हणून तुम्हाला दोन लागतात. सहा रात्रींचे ३,४८० झाले, त्यावर साडेबारा टक्के कर, म्हणजे ३,९१५. मिस्टरांनी विमानतळावरून डिस्नेची फुकट बस हिशोबात धरली आहे. ती कुणा जुन्या मित्राची माहिती असावी, कारण ती बस २०२२ च्या सुरुवातीपासून बंद आहे. सहा माणसं आणि बॅगा म्हटल्यावर मोठी व्हॅन करावी लागेल, जाऊन-येऊन दोनशेच्या आसपास धरा. एकूण ४,११५.

किसिमीचं घर साफसफाईचे पैसे, बुकिंगची फी आणि कर धरून १,८८० ला पडतंय. मिनीव्हॅन आठवडाभर ६४०, पेट्रोल आणि टोल ८०, डिस्नेच्या पार्किंगचे दिवसाला तीसच्या आसपास म्हणजे चार दिवसांचे १२०. एकूण २,७२०. फरक १,३९५ डॉलरचा.

हे जास्तीचे चौदाशे डॉलर नेमकं काय देतात, ते बघू. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना रोज सकाळी चारही पार्कांत अर्धा तास आधी आत सोडतात. लायटनिंग लेन, म्हणजे पैसे भरून रांग टाळायची सोय, त्यांना मुक्काम सुरू व्हायच्या सात दिवस आधी बुक करता येते. बाहेर राहणाऱ्यांना तीनच दिवस आधी. पार्कांपर्यंत बस फुकट, आणि पॉप सेंच्युरीतून एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या पार्कांना स्कायलायनर, म्हणजे रोपवे, वाटेत एकदा बदलून. पार्कचं पार्किंगही फुकट. मिस्टर रात्री उशिरापर्यंत थांबता येण्याबद्दलही बोलले असतील, पण ती सवलत डिलक्स हॉटेलवाल्यांची आणि तीही ठरावीक रात्रींची. पॉप सेंच्युरीला ती नाही.

बसचा आणि पार्किंगचा हिशोब वर आलाच आहे. म्हणजे उरलेले चौदाशे मुख्यतः सकाळच्या त्या अर्ध्या तासाचे आणि चार दिवस आधी मिळणाऱ्या बुकिंगचे. चार सकाळींवर वाटले तर सकाळी साडेतीनशे डॉलर पडतात. तो अर्धा तास कुचकामी आहे असं मी म्हणत नाही. शाळेच्या सुट्टीत पार्क उघडल्यावर तासाभरात मोठ्या राइड्सच्या रांगा अशा वाढतात की, लवकर आत गेलेला माणूस दोन राइड्स करून मोकळा होतो तेव्हा बाकीचे अजून पहिल्या रांगेत उभे असतात. पण हे गणित त्याच माणसाला लागू आहे जो सकाळी सातच्या आधी अंघोळ उरकून दारात उभा असेल. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, “आईंचे गुडघे दुखतात, त्या आणि बाबा बहुतेक एखाददुसरा दिवसच येतील.” माझा सगळा सल्ला या वाक्यावर उभा आहे. दुसरी खोली तुम्ही ज्यांच्यासाठी घेताय, त्यांना हॉटेलच्या एकाही सवलतीचा उपयोग नाही. ती खोली कर धरून १,९५७ डॉलरची आहे, म्हणजे किसिमीच्या अख्ख्या घरापेक्षा महाग.

आणि ते दोघं मागे राहणार त्या दिवशी त्यांनी करायचं काय? पॉप सेंच्युरीच्या खोलीत दोन पलंग, छोटा फ्रिज आणि टीव्ही. खाली तलाव आहे, फूड कोर्ट आहे, पण दिवसभर तिथे बसून माणूस कंटाळतो. शाकाहारी सासूबाईंनी फूड कोर्टात तिन्हीत्रिकाळ काय खायचं, हा प्रश्न वेगळाच. घरात स्वयंपाकघर आहे, सोफा आहे, मागे बसायला जागा आहे. सकाळी पोहे, रात्री पिठलं-भात. मिस्टरांना हे फार घरगुती वाटेल, पण सहा माणसांचा सहा दिवसांचा बाहेरचा नाश्ताच चारशेच्या घरात जातो. तुम्ही खाण्याचे दोन्हीकडे १,५०० धरलेत. घर असेल तर हजारात भागेल. पार्कात आपलं खाणं नेता येतं, काचेच्या बाटल्या आणि दारू सोडून. काउंटरवाल्या खाद्यगृहांत बर्फाचं पाणी मागितलं तर फुकट देतात. सांगलीचे सासू-सासरे म्हणजे बॅगेत भडंग असणारच. दुपारी चारला मुलं कुरकुरायला लागली की ते पुडकं कामी येईल. एखादं जेवण चांगल्या ठिकाणी करायचं असेल तर अ‍ॅनिमल किंग्डम लॉजमधल्या ‘सना’मध्ये आधी टेबल सांगून जा. तऱ्हेतऱ्हेचे नान आणि चटण्या मिळतात, सासूबाईंना चालेल. त्यासाठी तिथे राहावं लागत नाही.

तिकिटांकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही, आणि खरी गळती तिथे आहे. सहाही जणांची चार-चार दिवसांची तिकिटं, प्रत्येकी ५८० प्रमाणे, ३,४८० धरली आहेत. मुलगी अकराची, म्हणजे तिला मोठ्यांचं तिकीट लागणार, ते बरोबर आहे. मुलांचा दर तीन ते नऊ वर्षांपर्यंतच. पण आई-बाबा एकच दिवस येणार असतील तर त्यांना चार दिवसांचं तिकीट कशाला? एका दिवसाची दोन तिकिटं १९० प्रमाणे ३८० ला पडतात, तुम्ही धरलेत १,१६०. हे ७८० डॉलर कुठेही राहिलात तरी वाचतात. तो एक दिवस मॅजिक किंग्डम या पार्कचा ठेवा. परेड आणि रात्रीची आतषबाजी बसून बघता येते, आणि पार्काला फेरी मारणारी आगगाडी त्यांना आवडेल.

त्या दिवशी मात्र भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना त्रास होणार, हे आधीच सांगते. बाकीच्या तीन पार्कांना गाडी लावली की प्रवेशद्वार जवळ असतं. मॅजिक किंग्डमचं तसं नाही. गाडी तळ्याच्या अलीकडे लावायची, तिथून मोनोरेल किंवा फेरीबोट पकडून पलीकडे जायचं. हॉटेलची बस थेट फाटकाजवळ सोडते. रात्री आतषबाजी संपल्यावर हजारो माणसं एकदम बोटीकडे निघतात, तेव्हा बाबांना घेऊन त्या गर्दीत उभं राहणं नको. आतषबाजीच्या थोडं आधीच बाहेर पडा आणि अलीकडच्या किनाऱ्यावरून बघा, तिथूनही दिसते. व्हीलचेअर आत भाड्याने मिळते. आईंनी नको म्हटलं तरी घ्या.

सगळं एकत्र मांडते. विमानाचे दोन्ही पर्यायांत १,६८०. तुम्ही आखलेली हॉटेलची सहल व्हॅन धरून १०,७७५ होते, म्हणजे तुटवडा दोन हजारांचा नाही, २,२७५ चा. मिस्टरांच्या कार्डाचा दर २४ टक्के लिहिलाय. वर्षभरात हप्त्यांनी फेडायचं म्हटलं तर महिन्याला २१५ डॉलर, आणि व्याजाचेच तीनशेवर जातात. तिकिटं दुरुस्त केली तरी हॉटेलची सहल ९,९९५ वर थांबते, तरीही दीड हजार कमीच. घर, तिकिटांची दुरुस्ती आणि घरचं खाणं धरलं तर ८,१००. चारशे हातात उरतात.

५२९ बद्दल. कार्ड आणि ५२९ यांतच निवडायचं असतं, तर मी दोन महिने ५२९ थांबवा म्हटलं असतं. चोवीस टक्के व्याज भरून शिक्षणासाठी साठवण्यात अर्थ नाही. पण थांबवलेला हप्ता पुन्हा सुरू करायचं लोक विसरतात. दोन महिने म्हणता म्हणता वर्ष निघून जातं. वेळच येत नसेल तर त्या वाटेला जाऊच नये.

आता मिस्टरांची रात्र. डिस्नेच्या हॉटेलात एक रात्र राहिलं तरी लवकर प्रवेश दोन दिवस मिळतो: ज्या दिवशी उतरता त्या सकाळी आणि ज्या दिवशी सोडता त्याही सकाळी. पॉप सेंच्युरीची एक खोली, एक रात्र, कर धरून ३२६ डॉलर. त्या दोन दिवसांचं पार्किंगही माफ, म्हणजे खरा खर्च २६६. चार माणसं तुम्हीच: दोघं आणि मुलं. आई-बाबा त्या रात्री किसिमीच्या घरात. घर सोडायचं नाही, सामान हलवायचं नाही, चौघांचे कपडे एका पिशवीत. पहिल्या सकाळी हॉलिवूड स्टुडिओज, दुसऱ्या सकाळी एपकॉट, कारण दोन्हीकडे स्कायलायनर जातो आणि मुलांना तोही राइडच वाटेल. लायटनिंग लेन घेणार असाल तर त्या दोन दिवसांचं बुकिंग सात दिवस आधी करता येईल. एकूण खर्च ८,३६६, म्हणजे अजूनही साठवलेल्या पैशांत. आई-बाबा परक्या गावात एक रात्र एकटे राहायला तयार असतील तरच हे करा. फोन लागतो, शेजारी घरं आहेत, पण गाडी त्यांच्याकडे नसेल. ते घाबरत असतील तर हौस सोडून द्या.

तुम्ही डिस्नेऐवजी ऑरलँडोतल्याच युनिव्हर्सलच्या पार्कांना जात असता तर माझं उत्तर उलट आलं असतं. तिथल्या पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांच्या भाड्यातच तिथल्या जुन्या दोन पार्कांचा एक्सप्रेस पास, म्हणजे रांग टाळायचा पास, येतो. तोच पास हंगामात विकत घ्यायचा तर माणशी दिवसाला शंभर डॉलरच्या वर जातो. चार माणसांनी एक रात्र राहून दोन दिवस वापरला की खोली जवळजवळ फुकट पडते. २०२५ च्या मे महिन्यात उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या त्यांच्या नव्या पार्कला मात्र तो पास चालत नाही.

घर पक्कं करण्याआधी थोडी चौकशी करा. “डिस्नेपासून दहा मिनिटं” असं जाहिरातीत असतं, पण डिस्नेची जमीन चाळीसेक चौरस मैलांची आहे. दहा मिनिटं कुंपणापर्यंतची असू शकतात. नकाशात घराचा भाग आणि मॅजिक किंग्डमचं पार्किंग टाकून, सकाळी साडेसातला निघाल्यास किती वेळ लागतो ते बघा. किसिमीतली बरीच भाड्याची घरं दुमजली असतात आणि झोपायच्या खोल्या वर. आईंच्या गुडघ्यांसाठी खाली एक बेडरूम आणि बाथरूम हवंच. तलाव असेल तर तो तापवायचे रोजचे पैसे वेगळे लागतात का, विचारा. मार्चअखेरीस न तापवलेल्या पाण्यात मुलं पाय घालून परत येतील. मे २०२५ पासून सक्तीच्या फिया जाहिरातीतल्या किमतीतच दाखवायचा केंद्रीय नियम आहे, त्यामुळे साफसफाईची फी आता शेवटच्या पानावर उगवायला नको. कर मात्र शेवटीच चढतो. किसिमी ज्या ऑसिओला काउंटीत येतं तिथे तो साडेतेरा टक्के आहे, हॉटेलपेक्षा एक टक्का जास्त.

रद्द करण्याच्या अटींत हॉटेल सरस आहे. डिस्नेची खोली तिकिटांच्या पॅकेजशिवाय नुसती घेतली तर मुक्कामाच्या आठवडाभर आधीपर्यंत रद्द करून पूर्ण पैसे परत मिळतात. घरांच्या अटी मालकागणिक बदलतात, काही महिनाभर आधीच पैसे अडकवतात. घरात सत्तरीची माणसं आहेत, ऐनवेळी बाबांना बरं नाही असं होऊ शकतं. म्हणून दहा-वीस डॉलर महाग पडलं तरी चालेल, पण किमान दोन आठवडे आधीपर्यंत पूर्ण परतावा देणारं घरच निवडा, आणि आई-बाबांची तारखेची तिकिटं सगळ्यात शेवटी काढा.