स्वित्झर्लंडमध्ये पांढऱ्या-निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या वाटेने दोराशिवाय जाता येईल का? (अनुभव फक्त सह्याद्रीतला)

नाही, सोबत जाणकार गाइड नसेल तर या वाटेला जाऊच नका. तिथल्या वाटखुणा देशभर सारख्या आहेत आणि निळा पट्टा म्हणजे आल्पाइन वाट: हिमनदी, घसारा, हातापायांनी चढायचे कातळटप्पे. दोर, आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड), क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे धातूचे काटे) लागू शकतात. तुम्हाला पांढऱ्या-लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या डोंगरवाटा मस्त जमतील. चढ उभा, वाट अरुंद, पण अवघड जागी बहुतेकदा साखळी किंवा दोर लावलेला असतो. नुसती पिवळी पाटी म्हणजे सोपी वाट. मात्र जूनमध्ये लाल पट्ट्यांच्या वाटेवरही उत्तरेकडच्या घळींत बर्फ उरलेलं असतं आणि सकाळी ते काचेसारखं टणक असतं. तिथून सरळ मागे फिरा. पाटीवरच्या वेळेत विश्रांती धरलेली नसते, तीही वेगळी धरा.