चोपन्नाव्या वर्षी पाळीव प्राण्यांची चित्रे

आपले पत्र आणि सोबतचे मोतीचे चित्र मिळाले. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील चादरीच्या कारखान्यात 30 वर्षे जकार्डसाठी, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागासाठी, ग्राफ कागदावर नक्षी काढली, आता ते काम संगणकावर गेले, तेव्हा 54व्या वर्षी लोकांच्या कुत्र्या-मांजरांची चित्रे काढून घर चालेल का आणि त्यासाठी पदविका लागेल का, असे आपण विचारले आहे. पदविका लागणार नाही. चित्र करून घेणारा त्यात आपला प्राणी ओळखू येतो का, एवढेच पाहतो. पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकार हुसेन यांचा घोडा पाहिला की आपण हुसेन ओळखतो, आपल्या चित्रात मात्र आधी मोती ओळखू यायला हवा.

वयाची मला चिंता वाटत नाही. एकेक चौकोन मोजून भरणाऱ्या हाताला प्रमाण आणि चिकाटी शिकवावी लागत नाही. मोतीच्या नाकापासून कानापर्यंतचे अंतर आपण नेमके धरले आहे. अडचण येते ती त्याच सवयीतून. चादरीच्या नक्षीत प्रत्येक रंगाला कड असते, केसांना ती नसते, त्यामुळे मोतीचा कान चादरीवरच्या मोरासारखा कापून चिकटवल्यागत दिसतो. बाह्यरेषा न काढता पेस्टल पेन्सिलीने आधी गडद थर द्यावा आणि त्यावर केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने आखूड फटकारे मारावेत. उजेडाचा ठिपका डाव्या डोळ्यात वर आणि उजव्यात खाली पडला आहे, म्हणून नजर हरवली आहे. एवढी दुरुस्ती आजच करा.

गिऱ्हाइकाने उभ्याने, अगदी जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठे आणि पाय बारीक येतात. फोटो सकाळच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून आणि थोडे लांबून काढायला सांगावे. प्राणी गेल्यानंतर चित्र मागणारेही येतील. त्यांच्याकडे जुना पुसट फोटोच असेल, तेव्हा पट्टा कोणता होता, कान कोणता दुमडायचा, हे त्यांच्याजवळ बसून विचारून घ्या.

मोतीच्या चित्राला 9 संध्याकाळी लागल्या, म्हणजे नोकरी सांभाळून महिन्याला 3 चित्रे होतील. तेवढ्यावर घर चालणार नाही, म्हणून वर्षभर तरी नोकरी सोडू नये. दर मात्र पहिल्यापासून तासांच्या हिशेबाने ठरवा, ओळखीच्यांकडूनही निम्मी रक्कम आगाऊ घ्या आणि फ्रेमचे पैसे वेगळे सांगा.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतील जनावरांच्या बाजारात वही घेऊन बसा, खिलार बैलांची रेखाटने करा. फोटोत न कळणारी खांद्याची ठेवण तिथे कळेल. पुढच्या पत्रासोबत मोतीचे सुधारलेले चित्र आणि ज्यावरून ते काढले तो फोटो, दोन्ही पाठवा.