वाघ मोजायचे म्हणजे डोकी मोजायची नाहीत रे

हे बघ, पहिल्यांदाच कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे समोर काही हललं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या, कामाला चाललायस तर एक सांगतो, पूर्वी काचेवर पंजाचे ठसे गिरवून वाघ मोजायचे, पण मऊ मातीत अन् कडक मातीत एकाच वाघाचा ठसा वेगळा उमटतो, म्हणून ते बंद पडलं. आता फोटोतले पट्टे बघतात, ते प्रत्येक वाघाचे वेगळे असतात. डावी-उजवी बाजू सारखी नसते, त्यामुळे कॅमेरे समोरासमोर जोडीनेच लाव, आळस नको! समजा पहिल्या फेरीत ४० वाघ दिसले, दुसऱ्या फेरीत ३० आणि त्यातले २० जुनेच, तर अंदाज ४० गुणिले ३० भागिले २०, म्हणजे ६०. न दिसलेलेही धरले जातात. २०२२ चा देशाचा ३६८२ हा आकडासुद्धा अंदाजच आहे, वरखाली रेंज असते. आणि लेन्ससमोरचं गवत आधी काप, नाहीतर वारा सुटला की हजार फोटो गवताचेच.