बाबांचं अर्धं ऐक

पत्र : मी खानापूर तालुक्यातली. राणी चन्नम्मा विद्यापीठातून इंग्रजी घेऊन बीए झाले. गावात मराठी शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेते. परदेशात इंग्रजी शिकवावं, नवा मुलूख बघावा, आनंदात राहावं असं वाटतं. बेळगावचा एक एजंट १२० तासांचं ऑनलाइन टेफल (म्हणजे परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचं) सर्टिफिकेट आणि कोरियात नोकरीची हमी देतोय, ६० हजार मागतोय. बाबा म्हणतात, बीएड कर आणि गप्प बस. काय करू?

उत्तर : बीएड कर. गप्प मात्र बसू नकोस.

आधी त्या एजंटचं बघू. कोरियात इंग्रजी शिकवण्याचा नेहमीचा ई-२ व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सातच देशांच्या नागरिकांना मिळतो. तुझं इंग्रजी कितीही फर्डं असो, तिथे पासपोर्ट बघतात. २०१० च्या भारत-कोरिया करारात आपल्या सहायक शिक्षकांसाठी एक फट आहे, पण तिथेही शिक्षकाची पात्रता लागते. मग हा गृहस्थ हमी कशाच्या जोरावर देतोय?

थायलंडचं दार आपल्यासाठी जास्त उघडं आहे. तिथल्या शाळांत भारतीय आणि फिलिपिनो शिक्षक बरेच दिसतात. पदवी हवी, आयेल्ट्स किंवा टोइक या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण हवेत, आणि बीएड असलं की शिक्षक परवान्याचं काम सोपं होतं. पगार बऱ्याचदा गोऱ्या शिक्षकापेक्षा कमी असतो. याचा राग इथेच येऊ दे, तिथे जाऊन नको.

आता आनंदाचं. तू जाता जाता लिहिलंयस की मुलं ‘यस्टर्डे आय गो’ म्हणतात, तेव्हा तू कालच्या बाजाराची पिशवी समोर ओतून ‘वेंट’ शिकवतेस. सगळ्या पत्रात मला हेच आवडलं. थाई भाषेत क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, म्हणजे तिथलं पोरही हीच चूक करणार; फक्त अडलं की मराठीत सांगायची सोय नसेल. म्हणून उद्यापासून रोज एक तास मराठीचा एकही शब्द न वापरता घेऊन बघ. दमून, पण खुशीत बाहेर पडलीस तर हे काम तुझं. आणि शाळेत कन्नड शिकताना कुठल्या बाईंच्या तासाला जीव रमायचा, कुठल्या सरांच्या तासाला पोटात गोळा यायचा, तेही आठव. परकी भाषा बाकावर बसून शिकण्याचा हा अनुभव इंग्लंडात वाढलेल्या कित्येक शिक्षकांकडे नसतो.

सर्टिफिकेट बीएडनंतर. घ्यायचंच तर सेल्टासारखं, ज्यात खऱ्या विद्यार्थ्यांपुढे सहा तास शिकवावं लागतं आणि मागे बसून कोणीतरी चुका टिपतं. नुसते व्हिडिओ बघून मिळालेल्या कागदाला चांगली शाळा फारसं विचारत नाही.

‘टुरिस्ट व्हिसावर जा, वर्क परमिट तिथे गेल्यावर बघू’ असं कोणी म्हणालं, तर तिथूनच उठून ये. थायलंडच्या नोकरीच्या नावाखाली आपली पोरं म्यानमारच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेल्याची प्रकरणं गाजली आहेत. बाबांना सोबत घे आणि त्या एजंटकडे परराष्ट्र मंत्रालयाचा नोंदणी क्रमांक माग. तो दिलाच, तर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पडताळून बघ.