अतर्क्य, अनाकलनीय की आणखी काही?

प्रश्न असा आहे: भिंतीवरचं घड्याळ कित्येक महिने बंद, सेलसुद्धा काढून ठेवलेला, आणि एका रात्री त्याची टिकटिक ऐकू आली. हे लिहिताना प्रश्नकर्तीने "अतर्क्य घटना" असं लिहिलं तर मैत्रीण म्हणाली "अनाकलनीय" कर. दोन्हींचा अर्थ 'ज्याचं स्पष्टीकरण देता येत नाही' असाच ना, मग बरोबर कुठला?

चुकीचा कुठलाच नाही, पण हे शब्द एकमेकांच्या जागी डोळे झाकून टाकता येत नाहीत. मला हे शब्द फार आवडतात, कारण माणसाचं नेमकं काय थकलं ते प्रत्येक शब्द आपल्या धातूतूनच सांगतो.

अतर्क्य म्हणजे जिथे तर्क चालत नाही ते. शेवटचा 'य' इथे महत्त्वाचा. असह्य, अक्षम्य, अभेद्य, अजिंक्य या सगळ्यांत तोच 'य' आहे, सहन करता न येणारं, क्षमा करता न येणारं वगैरे. आणि मराठीत तर्क म्हणजे फक्त लॉजिक नाही, अंदाजसुद्धा, आपण "तर्क लढवला" म्हणतो ना. त्यामुळे आधी कुणाच्या अंदाजातही नव्हतं आणि घडल्यावरही कार्यकारण जुळत नाही, अशा दोन्ही छटा या एका शब्दात येतात.

इथे एक गोंधळ खूप दिसतो म्हणून जरा थांबतो. "त्याचं बोलणं अगदी अतर्क्य होतं" असं लोक लिहितात आणि म्हणायचं असतं की बोलण्यात काही लॉजिकच नव्हतं. तिथे अतार्किक हवं. अतार्किक बोलण्यात दोष बोलणाऱ्याचा, त्याने तर्क सोडला. अतर्क्य गोष्टीत दोष कुणाचाच नाही, तर्कच तिथवर पोचत नाही. एखाद्याला अतार्किक म्हणणं ही टीका झाली, अतर्क्य म्हणणं जवळजवळ नमस्कार.

अनाकलनीयमध्ये आकलन आहे, आणि त्याचाच भाऊ म्हणजे आपलं आकळणे, मुळात पकडीत घेणं, कवेत घेणं. म्हणजे वस्तू समोर आहे पण आपली मूठ पुरत नाही. म्हणूनच या शब्दाआधी 'मला' सहज बसतं, "त्याचा निर्णय मला अनाकलनीय आहे". "मला अतर्क्य आहे" म्हणून बघा, कानाला खटकतं. मला न आकळलेलं तुला आकळू शकतं. बातम्यांमध्ये आणि मीटिंगमध्ये "हा निर्णय अनाकलनीय आहे" असं येतं ते बहुतेक वेळा 'हा निर्णय चुकीचा आहे' याचंच सभ्य रूप असतं, आणि ते चालतंही छान, कारण समोरच्याला मूर्ख न म्हणता न समजण्याची जबाबदारी आपण स्वतःकडे घेतो.

तिसरा शब्द प्रश्नात नाही पण त्याच्याशिवाय हे पुरं होणार नाही, अनिर्वचनीय. यात थकते ती वाणी. निर्वचन म्हणजे नीट उलगडून सांगणं, यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वेदांतल्या शब्दांचा अर्थ उलगडणाऱ्या प्राचीन ग्रंथात, शब्दांची फोड करून अर्थ सांगतात तेही निर्वचनच. अद्वैत वेदान्ताने हा शब्द फार काटेकोर वापरलाय. अंधारात दोरीवर साप दिसला. दिसला, घाबरवून गेला, म्हणून 'नव्हताच' म्हणता येत नाही, आणि दिवा आणल्यावर राहिला नाही म्हणून 'होता' पण म्हणता येत नाही. आहे आणि नाही या दोन्ही कप्प्यांत न बसणारं ते अनिर्वचनीय, आणि मायेला ते हेच विशेषण लावतात. नारदभक्तिसूत्रात मात्र तोच शब्द प्रेमाचं स्वरूप सांगताना येतो आणि लगेच पुढे दाखला येतो, मूकास्वादनवत्, मुक्याने चव घेतल्यासारखं. चव पुरती कळलेली आहे, फक्त सांगता येत नाही! आजच्या मराठीत "अनिर्वचनीय आनंद" म्हणतो तो या दुसऱ्या वाटेने आलेला. त्यामुळे घड्याळाला हा शब्द नको.

गूढ हे आणखी वेगळं. धातू गुह्, लपवणं, त्याच्यातूनच गुहा आणि गुह्य. लपलेलं आहे म्हणजे सापडूही शकतं, म्हणून "गूढ उकललं" म्हणतात. "अतर्क्य उकललं" कुणी म्हणत नाही. आणि कुणीतरी मुद्दाम करतंय असा संशय असेल तर साधं गौडबंगाल म्हणावं.

आता घड्याळ. पुढे जाऊन ते उघडून कारण शोधणार असाल तर "गूढ" लिहा. स्वतःची गोंधळलेली अवस्था सांगायची असेल तर मैत्रिणीचं "अनाकलनीय" चांगलं. पण तुम्ही सेल काढलेला होता हे मुद्दाम सांगितलंय, म्हणजे सुचण्यासारखं एकमेव कारण आधीच बाद केलंय, त्यामुळे माझ्या मते तुमचं "अतर्क्य"च ठेवा. फक्त टाईप करताना रफार क्य वर आला की नाही ते बघा, जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात तो घसरून "अतक्र्य" झालेला असतो आणि लोक तसंच कॉपी करतात.