सगळे कौतुक करतात, पण हत्यारे विकली जात नाहीत

प्रश्न : आमच्या घरी वडिलोपार्जित लोहारकाम आहे. विळे, पास, कुऱ्हाडी करता करता मी गेल्या काही वर्षांत खरादीची हत्यारे, म्हणजे लेथवर लाकूड कातण्यासाठी लागणाऱ्या गोल व सपाट पटाश्या आणि खरवडायची पाती, घरच्या भट्टीवर तयार करू लागलो. काही हत्यारे ट्रकच्या कमानीच्या पाट्यांपासून, काही जुन्या कानशींपासून आणि काही विकत आणलेल्या हायस्पीड स्टीलच्या सळयांपासून बनवतो. नागपूरला शिकणाऱ्या भाच्याने त्यांच्या विक्रीसाठी संकेतस्थळ तयार करून दिले. नातेवाइकांना आणि मित्रांना ते पाठवले, तेव्हा सर्वांनी तोंड भरून कौतुक केले. मागणी मात्र अगदी तुरळक येते. खरा अभिप्राय कोणाकडून आणि कसा मिळवावा? सुरुवातीला चार चांगले अभिप्राय आपणच लिहून टाकावेत, असे भाच्याचे म्हणणे आहे, ते योग्य आहे का? शिवाय एका ग्राहकाने ‘पटाशी मुठीजवळ मोडली, पैसे पाण्यात गेले’ असे जाहीरपणे लिहिले आहे. तो मजकूर काढून टाकावा का?
— एक वाचक, अर्जुनी मोरगाव तालुका, जि. गोंदिया

उत्तर : आपल्या नातेवाइकांनी खोटे सांगितले असे मुळीच नाही. त्यांना आपला अभिमान वाटला आणि तो त्यांनी बोलून दाखवला. परंतु त्यांच्यापैकी बहुतेकांचा लेथशी कधी संबंध आला नसणार, त्यामुळे हत्यार घेताना कातारी माणूस नेमके काय पाहतो, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. त्यातच ‘संकेतस्थळ कसे वाटले?’ असे विचारले की समोरचा माणूस आपले मन राखण्यासाठी चांगलेच बोलतो. म्हणून मत विचारणे सोडून द्यावे आणि ज्याचा हा व्यवसाय आहे त्याला काम सांगून ते तो कसे करतो हे पाहावे, असे मी आग्रहाने सुचवतो.

आपल्या झाडीपट्टीत पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे, लाटणी आणि तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीची चाके कातणारे कारागीर वडसा, ब्रह्मपुरी, साकोली या बाजूंना शोधल्यास भेटतील. त्यांच्यापैकी ज्याची आपल्याशी फारशी ओळख नाही अशा एकाकडे जावे, संकेतस्थळ त्याच्याच मोबाइलवर उघडायला सांगावे आणि म्हणावे, ‘सागाच्या चौकोनी ठोकळ्यापासून पलंगाचा पाय कातायचा आहे, त्यासाठी लागणारे हत्यार यातून निवडा आणि पैसे भरण्याच्या पायरीपर्यंत जा. मनात जे येईल ते मोठ्याने बोलत राहा.’ त्यानंतर आपण गप्प बसायचे. हे ऐकायला सोपे वाटते, पण स्वतःच्या हाताने घडवलेल्या वस्तूबद्दल कोणी चुकीचा समज करून घेत असताना तोंड बंद ठेवणे फार कठीण जाते. ‘ही लांबीला किती आहे?’ असे त्याने विचारले, तरी उत्तर देऊ नये. ‘ते तुम्हाला कुठे लिहिलेले असेल असे वाटते?’ असा उलट प्रश्न करावा आणि त्याचे बोट पडद्यावर कुठे कुठे फिरते, ते वहीत टिपून घ्यावे. जिथे बोट थांबले, मागे गेले किंवा फोन खाली ठेवला गेला, तीच जागा दुरुस्त करायची आहे.

अशी माणसे शेकड्याने लागत नाहीत. संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी 2000 साली असे मांडले होते की, अशा चाचणीत पाच माणसे बसवली तरी वापरातल्या सुमारे 85 टक्के अडचणी समोर येतात. त्यापुढे तेच ते ऐकू येऊ लागते. फक्त एक लक्षात घ्यावे की आपले ग्राहक दोन वेगवेगळ्या प्रकारचे आहेत. रोजीरोटीसाठी कातकाम करणारा कारागीर आणि पुण्या-बंगळूरमध्ये सुटीच्या दिवशी छोट्या लेथवर वाडगे करणारा हौशी माणूस, यांचे प्रश्न निराळे असतात. दोन्ही गटांतली पाच-पाच माणसे पाहावीत. कारागीर महाराष्ट्रातच हवेत असेही नाही. सावंतवाडीची खेळणी, कर्नाटकातील चन्नपट्टणची खेळणी आणि गुजरातमधील संखेड्याचे सागवानी फर्निचर हे सारे लेथवरच्या कातकामावर उभे आहे आणि तिथल्या एखाद्या कारागिराने व्हिडिओ कॉलवर दिलेला अर्धा तास आपल्याला पुष्कळ शिकवून जाईल.

पत्रासोबत पाठवलेले आपले संकेतस्थळ मी मोबाइलवर उघडून पाहिले. पहिले छायाचित्र दिसायलाच बराच वेळ लागला, कारण छायाचित्रे फोनमधून निघाली तशीच, कित्येक एमबी आकाराची, चढवलेली आहेत. खेड्यातल्या नेटवर्कवर कोणी एवढा वेळ थांबत नाही; प्रत्येक छायाचित्र दोनशे-अडीचशे केबीपर्यंत लहान करावे. भट्टीचे आणि ऐरणीचे छायाचित्र सुंदर आहे व ते अवश्य असावे, पण ते पहिल्या पानाचा सगळा पडदा व्यापते आणि हत्यारे पार खाली जातात. सर्वांत मोठी उणीव मला गोल पटाशीच्या पानावर दिसली. तिचे छायाचित्र पाठीच्या बाजूने काढलेले असल्यामुळे आतली पन्हळ दिसतच नाही. ती किती खोल आहे, टोकाला धारेचा उतार कसा काढला आहे, शेंबी (मुठीच्या तोंडावरचे धातूचे कडे) कशाची आहे, पात्याची शेपटी मुठीत किती आत गेली आहे, यांपैकी काहीच कळत नाही. कारागीर दुकानात हत्यार हातात घेऊन फिरवतो, डोळ्यांजवळ नेऊन धार पाहतो आणि वजन तोलतो. ही सोय संकेतस्थळावर नसल्यामुळे तिची भरपाई छायाचित्रांनी आणि मजकुराने करावी लागते. प्रत्येक हत्याराची समोरून, बाजूने आणि धारेच्या टोकाकडून अशी तीन छायाचित्रे मोजपट्टीशेजारी ठेवून काढावीत आणि खाली पात्याची रुंदी, मुठीसह एकूण लांबी, वजन व धारेचा कोन लिहावा. खरवडायच्या पात्याची धार साधारण 70 ते 80 अंशांची असते आणि पटाशीची त्याहून बरीच बारीक. जाणकार ग्राहक हा आकडा शोधतोच.

याहून महत्त्वाची माहिती पोलादाची आहे आणि ती आपण कुठेच दिलेली नाही. ट्रकच्या कमानीचे पोलाद चिवट असते, पण सानेवर, म्हणजे धार लावायच्या फिरत्या दगडावर, घासताना ते तापून निळे पडले तर त्याला दिलेले पाणी, म्हणजे तापवून एकदम थंड करून आणलेला कठीणपणा, उतरते आणि धार मऊ होते. हायस्पीड स्टीलचे तसे होत नाही. ते पाचशे अंश सेल्सिअसच्या पुढेही आपला कठीणपणा बऱ्यापैकी टिकवून धरते. ज्याला हे माहीत नाही, तो कमानीची पटाशी हायस्पीडसारखी सानेवर दाबून घासणार आणि मग ‘धार टिकत नाही’ अशी तक्रार करणार. ती तक्रार खरीच असेल, पण तिचा उगम आपल्या मजकुरातल्या उणिवेत असेल. तेव्हा कोणते हत्यार कोणत्या पोलादाचे आहे आणि त्याला धार कशी लावावी, हे त्या त्या पानावर स्पष्ट लिहावे.

हत्यार ग्राहकाच्या हाती पोचल्यानंतरचा अभिप्राय मला संकेतस्थळावरील अभिप्रायापेक्षाही मोलाचा वाटतो. पार्सल मिळाल्यावर दुसऱ्याच दिवशी ‘समाधानी आहात का?’ असे विचारण्यात अर्थ नाही. पंधरा-वीस दिवस वापर होऊ द्यावा आणि मग फोन करून घडलेल्या गोष्टी विचाराव्यात. कोणते लाकूड कातले? धार पहिल्यांदा कधी लावावी लागली? कशावर लावली आणि टोक निळे पडले का? मूठ हातात बसली का? यात लाकडाचा प्रश्न गाळू नये. सागवानात सिलिका असते, त्यामुळे त्यावर कोणत्याही हत्याराची धार लवकर जाते. शिवणीसारख्या मऊ लाकडावर तेच हत्यार खूप जास्त चालते. चंद्रपूरकडचा सागावर काम करणारा कारागीर आणि शिवणीची खेळणी करणारा कारागीर यांनी एकाच पटाशीबद्दल उलटसुलट सांगितले, तरी दोघेही बरोबर असू शकतात.

याखेरीज एक साधी वही फोनशेजारी ठेवावी. जो प्रश्न ग्राहक फोनवर विचारतो, त्याचे उत्तर संकेतस्थळावर सापडले नाही म्हणूनच तो फोन करतो. एकच प्रश्न तिसऱ्यांदा आला की त्याचे उत्तर त्या हत्याराच्या पानावर चढवावे. भाच्याला ‘गुगल सर्च कन्सोल’ ही मोफत सोय जोडायला सांगावी. गुगलवर कोणते शब्द शोधून लोक आपल्यापर्यंत पोचतात, हे त्यात दिसते.

आता भाच्याच्या सूचनेविषयी. त्याचा हेतू आपल्याला मदत करण्याचा आहे, परंतु हे करू नये. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार विक्रेत्याने स्वतःच ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिणे निषिद्ध आहे. त्याच नियमांप्रमाणे तक्रार आल्यावर 48 तासांत तिची पोच द्यावी लागते आणि महिन्याभरात निवारण करावे लागते. त्यासाठी तक्रार ऐकणाऱ्या व्यक्तीचे नाव व संपर्क संकेतस्थळावर ठळक द्यावा. कायदा बाजूला ठेवला तरी, खोट्या कौतुकाने आपलेच नुकसान होते, कारण खऱ्या ग्राहकाचे बोलणे त्या गर्दीत आपल्यालाच ऐकू येईनासे होते. अभिप्रायाची जागा काही काळ रिकामी राहिली तर राहू द्यावी.

मोडलेल्या पटाशीबद्दलचा मजकूर काढू नये. आपल्याला आजवर मिळालेला सर्वांत उपयोगी अभिप्राय तोच आहे आणि तो एका माणसाने स्वतःचे पैसे घालवून दिला आहे. त्याखाली नम्रपणे उत्तर लिहावे, पैसे परत करावेत किंवा दुसरी पटाशी द्यावी, आणि मोडलेले दोन्ही तुकडे आपल्या खर्चाने परत मागवावेत. तुकडे आल्यावर मोडलेली बाजू उजेडात धरून पाहावी. कण साखरेसारखे जाड आणि चमकते दिसले, तर पाणी देण्यापूर्वी पोलाद भट्टीत जास्त तापले असे समजावे; कण बारीक आणि राखाडी असतील, तर कारण दुसरीकडे शोधावे. ती पटाशी कानशीपासून केलेली होती का, हेही नोंदीत पाहावे. कानस फार कठीण आणि म्हणून ठिसूळ असते. लेथवर फिरते लाकूड अचानक धारेत अडकले की तिच्यावर जो झटका बसतो, तो ती सोसू शकत नाही आणि तुकडा उडून माणसाच्या डोळ्याला किंवा चेहऱ्याला इजा होऊ शकते. कानस मऊ करून, पुन्हा घडवून, पाणी देऊन आणि मग बेताने तापवून ठिसूळपणा उतरवून घेतलेली नसेल, तर तिच्यापासून केलेली लेथची हत्यारे विक्रीतून तूर्त काढून घ्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि त्या ग्राहकाला एक प्रश्न जरूर विचारावा : पटाशी मोडली तेव्हा आपण काय कातत होता? ठोकळ्याचे कोपरे उडवून त्याला गोलाई देण्याची रुंद गोल पटाशी दोन टोकांमध्ये धरलेल्या लांब लाकडासाठी असते. तिची शेपटी पात्यापेक्षा बारीक असल्यामुळे वाडगा कोरण्यासाठी ती वापरली, तर झटक्याने ती मुठीजवळच मोडते; लेथ शिकवणारे सर्वत्र याबद्दल बजावतात. त्याने वाडगा कोरायला घेतला असेल, तरी दोष त्याच्यावर टाकू नये, कारण आपल्या पानावर तसा इशारा नव्हता. ‘ही पटाशी वाडगा कोरण्यासाठी वापरू नये’ हे वाक्य त्या पानावर किमतीच्या अगदी वर, मोठ्या अक्षरांत, मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत आजच लिहावे, आणि ज्यांनी ती पटाशी आधीच घेतली आहे त्या प्रत्येकाला फोन करून सांगावे.